पितळी झाकणाखाली

१

असुआसेच्या कोको उत्पादक संघाच्या सभागृहात गुरुवारी सकाळी जी आग लागली, ती निळी होती. याबद्दल पाहणाऱ्यांपैकी कुणाचेच दुमत नव्हते. मतभेद होता तो एवढाच, की ती विजेची होती की नाना ओबुओबींची.

नाना ओबुओबी हे संघाचे संस्थापक. त्यांना जाऊन एक पिढी लोटली होती; तरी सभागृहाच्या मुख्य भिंतीवरून त्यांची तसबीर खाली पाहत असे आणि तिच्याकडे पाठ करून कुणी बोलत नसे. गेल्या आठवड्यात ती तसबीर उतरवण्यात आली. त्या जागी बोटाने चालणारा एक प्रचंड पडदा बसायचा होता, आडवा झोपलेला माणूस मावेल एवढा रुंद. डोंगरकण्यावरच्या सगळ्या कोको-केंद्रांतली माणसे त्यावर एकमेकांना दिसणार होती आणि झाडांच्या रोगांची चित्रे बोटाने मोठी करून पाहता येणार होती.

पडदा टांगणे सोपे असते. खोली त्याच्या लायक करणे अवघड. भिंत मातीची होती, ती खिळा धरत नव्हती. म्हणून तिच्यावर जाड लाकडी फळी ठोकली गेली. खिडकीतला उजेड नेमका पडद्याच्या जागी पडत होता. म्हणून खिडकीला दाट कापडी पडदे शिवून आणले गेले. आणि तारा पायांत येऊ नयेत म्हणून भिंतीपासून हातभर अंतरावर जुन्या लाकडी जमिनीला एक चौकोनी भोक पाडण्यात आले. इमारत विटांच्या बुटक्या खांबांवर उभी असल्याने त्या भोकातून खालची तांबडी माती दिसे. मंगळवारी सगळ्या समितीने वाकून ती पाहिली होती. आता त्या भोकावर पितळी झाकण होते.

गुरुवारी समितीची माणसे भिंतीसमोर अंथरलेल्या पुठ्ठ्यांवर उभी राहिली. उजेडाची परीक्षा घ्यायची म्हणून खिडकीचे पडदे ओढलेले होते. वीजतंत्री अडोबेया हिने मुख्य खटका वर केला. झाकणाखाली फट्‌ असा आवाज झाला, खटका आपोआप खाली पडला आणि झाकणाच्या फटींतून वीतभर उंच निळी ज्योत सरसरत वर आली. तिला धूर नव्हता.

माणसे दाराकडे पळाली. रखवालदार यिरेंची एकटा पुढे धावला. त्याने ओले पोते झाकणावर टाकले आणि ते दाबून धरताना स्वतःचा हात भाजून घेतला.

"नाना!" तो ओरडला. "नाना, पुरे!"

चिटणीस फ्रेम्पोंग दारातून म्हणाला, "नानांचं काय घेऊन बसलात? ही तारा जोडणारीची करामत आहे. मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो."

अध्यक्ष आसियेदू मात्र जागचे हलले नव्हते. काळे चकचकीत बूट, त्यांत करड्या लोकरी मोज्यांत पाय, अंगात कोट: भर उन्हाळ्यातही त्यांचा पोशाख बदलत नसे. ते झाकणाकडे बघत राहिले आणि कुणालाही न उद्देशून म्हणाले, "यात डबा कधी बसवला?"

तो प्रश्न गोंधळात विरून गेला.

पडदा घेऊन कंपनीची माणसे उद्या येणार होती. खोली धोक्याची ठरली तर ती पडद्यासकट परत जाणार होती. आणि दुपारच्या सभेत समितीने अडोबेयाविरुद्ध तक्रार मंजूर केली, तर तिचा परवाना जाणार होता. त्या परवान्यासाठी तिने सहा पुरुष उस्तादांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

समितीवर एक निवृत्त शिक्षिका होत्या, ओचेरेवा लार्बी. मुलींच्या शाळेत त्यांनी हयातभर भौतिकशास्त्र शिकवले होते आणि उजेडाच्या परीक्षेसाठी त्यांना मुद्दाम बोलावले होते. लार्बीबाईंचा भुतांवर विश्वास नव्हता. घाईने काढलेल्या निष्कर्षांवर तर त्याहून नव्हता.

"दुपारच्या सभेपर्यंत खोली माझ्या ताब्यात द्या," त्या म्हणाल्या. "कुणी झाडायचं नाही, काही हलवायचं नाही."

अध्यक्षांनी झाकणाकडे पाहिले. मग मान हलवली.

सगळे गेल्यावर लार्बीबाई गुडघ्यांवर बसल्या, ओले पोते बाजूला केले आणि झाकण उचलून नाक आत घातले. जळलेल्या रबराचा वास होता, तो अपेक्षितच होता. त्याच्याखाली आणखी एक वास होता. तो त्यांनी शेवटचा घेतला होता तो एका बारशात.

२

अडोबेया बाहेर कडुनिंबाखाली भाजलेले केळे हातात धरून बसली होती. ते तिने खाल्ले नव्हते.

"या मॅडम, बसा," ती म्हणाली. "शेवटचं दर्शन घ्या. उद्यापासून मी बाजारात टोमॅटो विकणार."

"तुला टोमॅटोतलं काही कळत नाही. काल संध्याकाळी काय केलंस ते क्रमानं सांग."

"भिंतीत तारेसाठी खाच पाडली. सगळीकडे सिमेंटची भुकटी. मग भोकात लोखंडी डबा बसवला, आतल्या जोडण्या केल्या, वर झाकण लावलं. यिरेंचीकाका डबा खालून धरून होते. नंतर विजेची गळती मोजली. आकडा इतका चांगला होता की मी फ्रेम्पोंगसाहेबांना बोलावून दाखवला. ते म्हणाले, 'बरं बरं', आणि डबा वाकून बघितला. ते काय बघत होते देव जाणे, त्यांना प्लग कुठला नि बाटलीचं बूच कुठलं ते कळत नाही."

"आणि मग?"

"मुख्य खटका पाडला नि घरी गेले. काकांना सांगितलं, झाडू नका. मी स्वतः झाकण घट्ट करून मग झाडीन. नाहीतर भुकटी डब्यात जाईल. सकाळी तुम्ही लोक येणार म्हणून तुमचे बूट खराब होऊ नयेत, तर पुठ्ठे अंथरले. तुमची एवढी काळजी केली, मॅडम!"

"तुझ्याकडे किल्ली आहे?"

"माझ्याकडे? किल्ल्या तिघांकडे. मामाकडे, फ्रेम्पोंगसाहेबांकडे, काकांकडे. मी सकाळी काकांची वाट बघत पायरीवर बसले होते."

मामा म्हणजे अध्यक्ष आसियेदू. अडोबेयाच्या आईचे ते थोरले भाऊ, आणि नाना ओबुओबी हे अध्यक्षांचे मामा. असुआसेत घराणे आईकडून चालते. भाचीच्या बऱ्यावाईटाचा जाब बापाआधी मामाला विचारला जातो.

"मामा काय म्हणाले?" लार्बीबाईंनी विचारले.

अडोबेयाने केळे कागदात परत गुंडाळले. "माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणता कामा नये, म्हणून तक्रारीवर पहिली सही माझी. आईला कसं सांगू मी? ती म्हणेल, तू काहीतरी केलंच असशील, तुझा मामा खोटं वागत नाही."

"खटका पडला, हे तुझ्या लक्षात आलं का?"

"पडला ना. पडायलाच हवा होता. गळती झाली की डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. तो मी हट्टानं बसवलाय." ती उठून उभी राहिली. "म्हणजे संध्याकाळी नसलेली गळती सकाळी आली."

"आली नाही," लार्बीबाई म्हणाल्या. "कुणीतरी आणली."

३

रखवालदार यिरेंचीचा हात केळीच्या पानात बांधलेला होता. हा मनुष्य दर सणाला पूर्वजांना पेय ओतायला पुढे असे, आणि त्याबद्दल कुणाची भीड बाळगत नसे.

"तुम्ही शिकलेल्या बाई, तुम्हाला नाही पटणार," तो म्हणाला. "नानांना खाली उतरवलं. खाली उतरवण्याआधी दोन शब्द बोलायचे, घोटभर द्यायचं, एवढं तरी? मी सभेत उभं राहून मागितलं. अध्यक्ष काय म्हणाले ठाऊक आहे?"

लार्बीबाईंना ठाऊक होते. त्या तिथेच होत्या. आसियेदू हे चर्चचे वडील, म्हणजे मंडळीतले मानाचे ज्येष्ठ. ते म्हणाले होते, या घरात कामाची सुरुवात प्रार्थनेने होते, बाटलीने होत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. यिरेंची खाली बसला होता.

"मग तुम्ही स्वतःच ओतलंत का, काका?"

"आत? फळ्यांवर?" यिरेंचीला खरोखर राग आला. "मॅडम, पूर्वज काय फळ्या चाटतात? मातीत ओततात, मातीत! मला द्यायचं असतं तर मी या झाडाखाली उभा राहून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं दिलं असतं. चोरून द्यायला मी काय चर्चचा वडील आहे?"

हे तो रागात बोलून गेला आणि आपल्याच विनोदावर थोडा हसलाही. लार्बीबाई हसल्या नाहीत. ते वाक्य त्यांनी मनात बाजूला ठेवले.

"ओतताना पायांत चपला असतात?"

"नानांसमोर? चपला?" त्याने पायांतल्या रबरी चपलांकडे असे पाहिले, की जणू त्यांनीच हा प्रश्न विचारला होता. "पाय बाहेर काढायचे. खांद्यावरचं वस्त्र उतरवायचं. मग बोलायचं."

चिटणीस फ्रेम्पोंग आपल्या खोलीत तक्रारीचा मसुदा वाचत बसला होता. पायांत उघड्या चामडी वहाणा, नखे नीट कापलेली. त्याच्या मागच्या कपाटात पाहुण्या सरदारांना द्यायच्या श्नॅप्स या कडक दारूच्या हिरव्या चौकोनी बाटल्या ओळीने उभ्या होत्या. एकीचे बूच निघालेले होते.

"मसुदा फार लवकर तयार झाला," लार्बीबाई म्हणाल्या.

"मी कामाचा माणूस आहे, मॅडम."

"आणि हे काम मिळालं नाही म्हणून नाराज असलेला तुमचा शाळेतला मित्र?"

फ्रेम्पोंगने वहाणेतला पाय आत ओढून घेतला. "तो चांगला तंत्री आहे. पोरीला काम दिलं ते तिच्या मामाचं तोंड बघून, हे सगळं गाव म्हणतं. मी फक्त कागदावर आणलं. का, मीच आग लावली म्हणता की काय?"

"काल संध्याकाळी तुम्ही डबा वाकून पाहिलात."

"पाहिला. चकचकीत होता. माझं प्रतिबिंब दिसलं."

"आणि ही बाटली?"

"काल सरदारांचा भाट आला होता. त्याला तसाच पाठवू का? संघाची अब्रू आहे." मग तो पुढे वाकला, आवाज गोड झाला. "मॅडम, एक सांगू? यिरेंचीला विचारा. पडदा नको होता तो त्यालाच. माझं तुमच्याशी काही वाकडं नाही, पण म्हातारा दिसतो तेवढा भोळा नाही."

हेतू फ्रेम्पोंगकडे होता, बाटली होती, किल्ली होती. लार्बीबाईंच्या विद्यार्थिनी एवढ्यावर उत्तर लिहून मोकळ्या झाल्या असत्या, आणि त्यांनी त्यांना शून्य गुण दिले असते.

४

ओडुम नावाच्या कठीण लाकडाच्या त्या जमिनीवर लाखेचे जुने पॉलिश होते. लार्बीबाईंनी खिडकीचे पडदे बाजूला सारले आणि गाल जमिनीला टेकवून तिरपा उजेड पाहिला. झाकणाच्या कडेला चकाकी तीन ठिकाणी मेली होती. प्रत्येक ठिकाणी थेंबांचा एकेक पुंजका, आणि तिन्ही वेगवेगळे.

त्यांनी यिरेंचीला हाक मारली. "काका, प्यालाभर पाणी आणा. आणि तुमच्या पलंगाखाली जी बाटली नाही, तीही आणा."

यिरेंची दोन्ही घेऊन आला. लार्बीबाईंनी एका कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाकला, दुसऱ्यात श्नॅप्सचा, आणि खुर्ची ओढून बसल्या.

"मॅडम, पाजताय की पुसताय?"

"वाट बघतेय."

पाण्याचा थेंब मण्यासारखा बसून राहिला; फडक्याने टिपला तेव्हा खाली फिकट ठसा होता आणि तो घासल्यावर गेला. श्नॅप्सखालची लाख मऊ झाली होती. बोट लावले तर ते चिकटले, आणि घासल्यावर डाग उलट पसरला. लार्बीबाईंनी झाकणाजवळच्या एका पुंजक्यावर बोट फिरवले. तोही चिकट होता.

छपराचे पाणी नव्हते, जमीन पुसण्याचे नव्हते. निळी, बिनधुराची ज्योत मद्याची असते, आणि झाकणाखालचा तो वास बारशात ओततात त्या श्नॅप्सचा, हे त्यांनी सकाळीच ओळखले होते. आता ते सिद्ध झाले. शुद्ध मद्य वीज फारशी वाहू देत नाही. परंतु श्नॅप्समध्ये निम्म्याहून अधिक पाणी असते, आणि डब्यात उडालेली सिमेंटची भुकटी त्यात विरघळली की वाट मोकळी होते. खटक्याने ती गळती ओळखून आपले काम केले. तेवढ्या क्षणात ठिणगी पडली आणि बंद डब्यात साठलेली वाफ पेटली.

पण पुंजके तीन का? घातपात करणारा बाटली एकदाच उपडी करतो. इथे कुणीतरी थोडे ओतले होते, बाटली उभी करून थांबले होते, पुन्हा ओतले होते, पुन्हा थांबले होते. बाटली उभी करताना दर वेळी तिच्या तोंडाचे थेंब बाहेर पडले होते.

"काका, तुम्ही देताना किती वेळा ओतता?"

यिरेंचीने त्या डागांकडे पाहिले आणि त्याचा चेहरा बदलला. "तीनदा," तो हळूच म्हणाला. "बोलायचं, ओतायचं. बोलायचं, ओतायचं. मॅडम, मी आईची शपथ घेतो..."

"शपथेचा मला उपयोग नाही. पुठ्ठा उचला."

पुठ्ठा उचलला तेव्हा भुकटी उडू नये म्हणून लार्बीबाईंनी श्वास रोखून धरला. पुठ्ठ्याबाहेरची भुकटी पळापळीत तुडवली गेली होती. पुठ्ठ्याखालची शाबूत होती. खाच पाडल्यावर बसलेली, आणि सकाळी पुठ्ठा पडेपर्यंत उघडी असलेली. तिच्यात झाकणासमोर, संध्याकाळच्या पुसट पावलांवर, भिंतीकडे तोंड करून, दोन पाय शेजारी शेजारी उमटले होते. बुटाची टाच नव्हती. रबराची नक्षी नव्हती.

"अनवाणी," यिरेंची कुजबुजला. "नानाच!"

"नानांना बोटं नव्हती का?" लार्बीबाई म्हणाल्या. "अनवाणी पायाची पाच बोटं वेगळी उठतात. इथे पुढचा भाग एकसंध आणि गोल आहे. आणि खाली वाका. या बारीक उभ्या रेघा दिसतात?"

यिरेंचीने डोळे बारीक केले. त्याला रेघा दिसल्या, त्या कशाच्या हेही बहुधा कळले, कारण तो एकदम उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, ही भुकटी मी झाडून टाकू?"

५

अध्यक्ष आसियेदू यांच्या खोलीचे दार लार्बीबाईंनी आत गेल्यावर लावून घेतले.

"तपास संपला?" आसियेदूंनी विचारले.

"संपला. तुम्हाला तर्क सांगते. चूक असेल तिथे अडवा." लार्बीबाई बसल्या. "डब्यात श्नॅप्स ओतलं गेलं. तीनदा, थांबून थांबून. ओतणाऱ्यानं आधी पादत्राणं काढली. पाहणारं कुणी नव्हतं, म्हणजे हे नाटक नव्हतं. त्याला खोली जाळायची नव्हती; तो नानांना पेय देत होता."

"मग यिरेंची."

"यिरेंची उघड देतो, आणि मातीत देतो. हाच मुद्दा आहे, मातीत. ओतणाऱ्यानं खास झाकण उचललं. का? कारण मंगळवारी त्या भोकातून सगळ्यांनी तांबडी माती पाहिली होती. बाहेर झाडाखाली जायची त्याला चोरी होती. आतून मातीपर्यंत जाणारी ती एकच वाट होती. झाकणाखाली अजूनही माती आहे असं तो धरून चालला. खिडकीचे पडदे ओढलेले, आत अंधार. डबा त्याला दिसला नाही."

आसियेदूंनी टेबलावरचे बायबल उचलून थोडे डावीकडे ठेवले.

"डबा बसला बुधवारी संध्याकाळी," लार्बीबाई पुढे म्हणाल्या. "यिरेंचीनं तो स्वतः धरला होता. फ्रेम्पोंगनं त्यात तोंड पाहिलं. किल्ली असलेल्यांपैकी बुधवारी गावात नव्हतं असं एकच माणूस. चर्चच्या बैठकीला राजधानीला, आक्र्याला गेलं होतं. आणि आज सकाळी सगळे 'आग, आग' म्हणत असताना त्या माणसानं एकच विचारलं, यात डबा कधी बसवला."

खोलीत पंखा फिरत होता.

"अंदाज आहे हा," आसियेदू म्हणाले.

"आहे. पण भुकटीत लोकरी मोज्यांचे ठसे आहेत, विणीसकट. या गावात या उकाड्यात मोजे घालणारी माणसं मोजायला मला एक बोट पुरतं, ओपानिन."

ओपानिन म्हणजे वडीलधारी व्यक्ती. ही हाक मान देताना मारतात. समोरच्याला त्या मानाची आठवण करून द्यायची असली तरीही.

"तुमचा नानांवर विश्वास नाही," आसियेदू म्हणाले.

"नाही."

"माझाही नसायला हवा. चर्चमध्ये मी उभा राहून सांगतो, मेलेले तहानेले नसतात." त्यांचा आवाज खाली आला. "पण मला त्यांनी वाढवलंय, मॅडम. रागावले की तीन दिवस बोलत नसत. आणि त्यांना उतरवून, त्यांच्या भिंतीला भोकं कोण पाडत होतं? माझ्या बहिणीची पोर. दुसऱ्या कुणी पाडली असती तर मी निवांत झोपलो असतो. आक्र्याहून येताना गाडीत सगळा वेळ हेच. काही झालं तर तिला होईल. म्हणून पहाटे गेलो. म्हटलं, नाना, जे काय असेल ते माझ्यावर घ्या, पोरीला सोडा."

"आणि आता तिच्याविरुद्ध पहिली सही तुमची."

"चर्च माझं आसन काढून घेईल. ज्या सभेत मी यिरेंचीला गप्प केलं, तिच्याचसमोर... तुम्हाला कळतंय का मी काय हरवीन?"

"तुम्ही काय हरवाल ते कळतंय. तिनं काय हरवायचं, हे तुम्ही ठरवताय, तेही कळतंय." लार्बीबाई उठल्या. "सभेत मी डाग, भुकटी, रेघा सांगेन. नाव सांगणार नाही. एक मात्र आहे, तक्रारीवर सही झाली, तर पुठ्ठा उचलून दाखवीन."

"ही धमकी आहे?"

"वेळापत्रक आहे."

६

दुपारची सभा त्याच सभागृहात भरली. नानांची तसबीर मागच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. त्यामुळे कुणाकडे पाठ करून बसावे हे कुणालाच कळत नव्हते. अडोबेया दाराजवळ उभी होती. यिरेंची पुठ्ठ्यावर पाय रोवून उभा होता आणि तिथून हलायला तयार नव्हता.

लार्बीबाईंनी काय सापडले ते सांगितले. पेय कुणीतरी नानांसाठी ओतले होते, हे कळताच बाकांवर कुजबुज सुरू झाली आणि माना यिरेंचीकडे वळल्या.

"बघा!" फ्रेम्पोंग म्हणाला. "मी मॅडमना आधीच म्हणालो होतो. म्हणजे दोघांनी मिळून. एकीनं डबा सदोष बसवला, दुसऱ्यानं त्यात बाटली रिकामी केली. तक्रारीत दुसरं नाव घालतो, अध्यक्षांनी सही करावी."

यिरेंचीने केळीच्या पानात बांधलेला हात वर केला, काही बोलायला म्हणून, आणि अध्यक्षांकडे पाहून तो खाली घेतला. लार्बीबाईंनी पाहिले, की त्याला ठाऊक होते. आणि ठाऊक असूनही तो पुठ्ठ्यावरून हलला नव्हता.

आसियेदूंनी लेखणी घेतली. ती कागदावर टेकली. मग त्यांनी ती आडवी ठेवली, खुर्ची मागे सरकवली आणि वाकले. त्यांना बराच वेळ लागला. बुटांच्या नाड्या घट्ट होत्या. सगळे सभागृह टेबलाखाली बघू लागले.

ते उभे राहिले तेव्हा त्यांच्या पायांत फक्त मोजे होते. टेबलाला वळसा घालून ते मागच्या भिंतीकडे चालत गेले. दर पावलाला करड्या लोकरीचा तळवा उचलला जाई, आणि तो पांढरा होता.

तसबिरीसमोर त्यांनी कोट उतरवला, खांद्यावरून वस्त्र उतरवावे तसा.

"नाना," ते म्हणाले, "आणि इथे बसलेले सगळे. पोरीला काही होऊ नये म्हणून पहाटे मी आलो होतो. मी ओतलं. खाली माती आहे असं मला वाटलं. पोरीचं काम निर्दोष होतं. यिरेंचीचा हात माझ्यामुळे भाजला, आणि ज्या गोष्टीसाठी मी त्याला चारचौघांत खाली बसवलं, तीच मी चोरून केली. चर्चमध्ये हे मी उद्या स्वतः सांगेन. आज तुम्हाला सांगतो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फ्रेम्पोंगने मसुद्याची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली, इतकी की तो कागद मुठीत मावला.

पहिल्यांदा बोलला तो यिरेंची. "मला हाक मारायचीत ना, अध्यक्ष," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, पण तो सकाळचा राग नव्हता. "मी झाडाखाली दिलं असतं, तुमचं नाव न घेता. त्यांना कळलं असतं कुणाकडून ते."

अडोबेया दारातून पुढे आली. तिचे डोळे भरले होते आणि ती चिडलेलीही होती. दोन्ही एकदम करणे तिला जमत नव्हते. "मामा, मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं झाकणाखाली काय आहे ते! माझ्यासाठी प्रार्थना करायची नि मलाच जाळायचं?"

"हो," आसियेदू म्हणाले. "असंच झालं."

तिने खाली वाकून त्यांचे बूट उचलले आणि त्यांच्यासमोर नेऊन ठेवले. त्यांनी ते लगेच घातले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कंपनीची माणसे आली, तोवर अडोबेयाने डबा बदलून गळती पुन्हा मोजली होती आणि या वेळी ती सगळ्या समितीला रांगेने वाकून पाहायला लावली होती. पडदा फळीवर चढला. नानांची तसबीर समोरच्या भिंतीवर गेली, जिथून त्यांना तो पूर्ण दिसेल; उजेडाच्या दृष्टीनेही ती जागा योग्य आहे, असा निर्वाळा लार्बीबाईंनी दिला.

कंपनीचा माणूस निघताना तसबिरीखाली थबकला. तिथे जमिनीत आणखी एक लहान पितळी झाकण होते. त्याने ते उचलले. आत साधे नळकांडे सरळ खाली गेले होते, आणि टोकाला तांबडी माती होती.

"हे कशासाठी?" त्याने विचारले. "आमच्या आराखड्यात हे नाही."

अडोबेयाने यिरेंचीकडे पाहिले, यिरेंचीने अध्यक्षांकडे, आणि अध्यक्षांनी लार्बीबाईंकडे.

लार्बीबाईंनी वाकून आत पाहिले, नीट, दोन्ही बाजूंनी.

"यात तार नाही," त्या म्हणाल्या. "माझी हरकत नाही."